अध्यक्षीणबाईंचं दार

कुणी मला म्हणालं, "आजी, त्या घरांची गोष्ट सांगा ना," की मी विचारते, "कुठली?" एक असेल तर सांगेन ना! आमच्या कमिटीचे किस्से म्हणजे परसातला शेवगा. एक फांदी छाटली की चार फुटतात. हल्ली तर जे तेव्हा जन्मलेही नव्हते तेसुद्धा आपली एखादी फांदी लावून देतात. मी ऐकून घेत नाही. मी तिथे होते, गुडघाभर चिखलात उभी होते. माझ्यासमोर थापा मारायच्या नाहीत!

तर बसा. घाई असेल त्याने आत्ताच उठावं.

* * *

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नवी सून. आमची केळीची आणि पानवेलींची वाडी, वसई आणि नायगावच्या मधे. वाडीच्या खाली पडीक खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, आणि त्याच्या पलीकडे शेठचं मिठागर. मिठागरात राबणारी माणसं शेठच्याच बांधावर झोपड्या घालून राहायची.

झोपडीला दार म्हणजे झाप. माडाच्या झावळ्या विणून केलेला, उचलून बाजूला ठेवता येईल असा. कुणी शेठपुढे जरा तोंड उघडलं की त्याचा मुकादम धर्मा येऊन तो झाप उचलून न्यायचा. मारणं नाही, शिव्या नाहीत. फक्त दार न्यायचं! घर उघडं पडलं की माणूस आपोआप मऊ होतो, हे शेठला पक्कं ठाऊक होतं.

एक दिवस सकाळी बायजा आमच्या अंगणात आली. मिठागरातली विधवा बाई, पदरी दोन वयात आलेल्या मुली. माझे सासरे ओटीवर सुपारी कातरत बसले होते. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, मी मामंजी म्हणायचे.

"नाना, दोन झावल्या मिलतील? झाप इनायचाय."

"अगं, परवाच तर नेल्यास. त्याचं काय झालं?"

"नेला."

"कोणी?"

"ज्याची जागा त्यानं. मी म्हटला, दिसभर मिठात राबतो, प्यायला गोडा पानी तरी द्या. तं दार नेला. आता राती मी जागते, पोरी झोपतात."

मामंजींची सुपारी तिथेच थांबली. "म्हणजे मी झावळ्या द्यायच्या, तू विणायचं आणि त्यानं न्यायचं? मी काय शेठला झाप पुरवायचा मक्ता घेतलाय?"

"मंग काय करू?"

"घर बांध."

"कुठं?"

मामंजींनी अडकित्त्यानेच खाजणाकडे दाखवलं. "तिथं. ती जागा माझी आहे, आजपासून माझी नाही!"

आमच्या सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी नुसतं मला विचारलं, "ऐकलंस? जागा गेली." आणि पुन्हा निवडायला लागल्या.

* * *

मामंजींच्या डोक्यात कल्पना अशी. सात घरं, एका ओळीत, एका छपराखाली. मधल्या भिंती सामाईक, पडवी सामाईक, विहीर सामाईक. जागा सगळ्यांची मिळून, म्हणजे कुणी एकट्याने विकायची नाही आणि कुणी कुणाला हाकलायचं नाही. आज तुम्हाला यात काही वाटणार नाही. तेव्हा लोक म्हणाले, नानांना ऊन लागलं!

त्यासाठी मामंजींनी कमिटी काढली. कमिटीचे नियम दोनच. एक, कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत. ज्याच्या घरी जी वस्तू असेल ती घ्यायची, नाहीतर एक दिवस राबवून घ्यायचं. दुसरा, देणाऱ्याचं नाव कुठेही लागणार नाही.

पहिली मीटिंग आमच्या खळ्यात भरली. गावचे मोठमोठे बागायतदार आले, कोट घालून आले. प्रश्न निघाला, अध्यक्ष कोण? तिघांनी एकाच वेळी घसे खाकरले.

मामंजी म्हणाले, "अध्यक्ष बायजा."

खळ्यात जो गोंधळ उडाला! एक जण तर उभाच राहिला. "नाना, मिठागरातली बाई अध्यक्ष? आम्ही तिच्या हाताखाली?"

"ज्याला घर नाही तो अध्यक्ष, एवढंच मला कळतं," मामंजी म्हणाले. "तुम्हाला व्हायचंय? व्हा की! आधी घर सोडून या."

कोटवाले गेले. उरले ते कामाचे होते. आम्ही बायजाला त्या दिवसापासून अध्यक्षीणबाई म्हणायला लागलो. आधी चेष्टेने, मग सवयीने, आणि मग खरोखर.

* * *

सामाईक भिंतीचं नाव काढलं की आमची बागायतदार जात भडकायची. ओळीत एक बायजा, दोन मिठागरातलीच घरं, एक कोळी जोडपं, एक ताडी काढणारा भंडारी, एक म्हातारा ख्रिस्ती सुतार आणि एक वाडीत काम करणारं वारली कुटुंब. सगळी एकमेकांना भिंतीने चिकटलेली!

पंच मंडळी मामंजींना समजवायला आली. चहा घेतला, बशा खाली ठेवल्या आणि सुरुवात केली.

"नाना, कोळ्याच्या घरातला वास पलीकडे जाईल."

"तुमच्या घरी बोंबील वाळत घालता तेव्हा माझ्या घरात येतो. मी कधी भिंत पाडली?"

"अहो, पण एका भिंतीत दोन देव कसे राहायचे? एकीकडे क्रूस, दुसरीकडे देव्हारा!"

"पाठीला पाठ लावून. त्यांचं भांडण झालेलं मी तरी ऐकलं नाही."

शेवटी त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर पंच पुढे सरकले. त्यांनी हुकमाचं पान काढलं. "नाना, नीट विचार करा. एका घरात कोंबडा आरवला की सातही घरं जागी होतील!"

"मग झालं तर," मामंजी म्हणाले, "सात घरांत एक कोंबडा पुरेल!"

पंचांनी त्यानंतर पाच वर्षं आमच्याकडे चहा घेतला नाही. सासूबाई म्हणायच्या, साखर रेशनची आहे, देव पावला.

* * *

आता आमच्या फजितीचा किस्सा. लपवायचं काय त्यात!

पाया खणायचा दिवस. आसपासच्या वाड्यांतले चाळीस-पन्नास पुरुष फावडी घेऊन उतरले. सगळे पिढीजात बागायतदार. गवंडी होता इनास, आमच्याच गावचा ख्रिस्ती, जिभेने तिखट आणि हाताने सोनं. तो नेमका त्या दिवशी बहिणीच्या लग्नाला गेला होता. जाताना सांगून गेला, "मी येईपर्यंत थांबा." थांबतंय कोण? संध्याकाळपर्यंत पाया तयार. काय देखणा दिसत होता! कडा सुरीने कापल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनास आला. नेमका त्याच वेळी आमच्या विहिरीवर रहाट सुरू झाला, पाटाचं तोंड कुणीतरी खालच्या बाजूला उघडं ठेवलं होतं, आणि पाणी थेट आमच्या पायाच्या चरात शिरलं. वरच्या टोकाच्या घरात शिरलं ते खळखळ करत सातव्या घरातून बाहेर पडून खाजणात गेलं!

जन्मभर केळींना पाणी फिरवलेली माणसं ती. फावडं हातात आलं की त्यांचा हात आपोआप उतार देतो. एकाच्याही लक्षात आलं नाही की आपण पाया नाही, पाट खणतोय.

सगळे काठावर उभे राहून बघत होते. इनासने डोक्यावरची टोपी काढली. मामंजींचा चेहरा मात्र अभिमानाने फुललेला. म्हणाले, "बघ इनास, कुठे एक थेंब तुंबला का?"

"नाना," इनास म्हणाला, "घरात माणसं ठेवायचीत की केळी लावायचीत?"

पुन्हा खणायला कुणाकडे वेळ नव्हता. इनासने प्रत्येक घर आधीच्या घरापेक्षा एक पायरी खाली घेतलं, तोंडाने आम्हा सगळ्यांचा उद्धार करत. आजही ती ओळ पायरी-पायरीने उतरत जाते. बघायला येणारे म्हणतात, काय प्लॅन आहे! आम्ही म्हणतो, हो ना.

* * *

सिमेंटला तेव्हा परमिट लागायचं आणि परमिटला ओळख. आमची ओळख शेवग्याशी आणि केळीशी! मग खाडीतले शिंपले भाजून चुना केला. पाचूबंदरच्या कोळ्यांनी जुन्या होडीच्या फळ्या दिल्या. चर्चच्या फादरनी एक जुनं दार दिलं, इतकं उंच की एका घराची भिंत दारासाठी वाढवावी लागली. दाराप्रमाणे घर बांधलेलं जगात दुसरीकडे कुठे असेल तर मला दाखवा.

आमच्या सासऱ्यांचे एक चुलतभाऊ होते, त्यांना सगळे दादासाहेब म्हणायचे. आधी त्यांनी कमिटीला नावं ठेवली. मग गावात सगळेच काही ना काही देतायत म्हटल्यावर त्यांनाही चैन पडेना. त्यांनी सागवानी दार पाठवलं. दणकट, सुरेख, आणि वरच्या फळीवर कोरलेलं त्यांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं!

कमिटीत प्रश्न पडला. नियमात नाव बसत नाही आणि असलं दार परत पाठवायला मन होत नाही. इनास म्हणाला, "द्या इकडे." त्याने ते बायजाच्या घराला बसवलं.

दादासाहेब पाहणीला आले. उपरणं सावरत दारासमोर उभे राहिले. वर बघितलं, खाली बघितलं.

"माझं नाव कुठाय?"

"आतून," इनास म्हणाला.

"आतून? आतून कोण बघणार?"

"ज्यांच्यासाठी दिलंत ते."

बायजाने आतून आवाज दिला, "दिसतं बरोबर, दादासाहेब! चूल फुकताना अगदी समोर येईल!"

पहिल्या वर्षातच त्या नावावर धुराची अशी पुटं चढली की देव जाणे!

* * *

जमीन चोपायची वेळ आली तेव्हा बायकांची गरज पडली. माती पसरायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्यांनी ठोकायची आणि वर शेण सारवायचं. हे काम पुरुषांना जमत नाही. त्यांना दिलं असतं तर तिथेही उतार दिला असता!

पंचांनी गावात बोलून ठेवलं की बागायतदाराच्या घरची जी बाई तिकडे मिठागरवाल्यांच्या जोडीने शेण-माती करायला जाईल, तिच्या हातचं पाणी गावात कुणी पिणार नाही. निरोप आमच्या घरी मुद्दाम आणून दिला. मी घाबरले, खरं सांगते. माझं माहेर त्याच गावच्या सोयरिकीतलं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं होतं.

सासूबाईंनी निरोप शांतपणे ऐकून घेतला. मग कमरेला पदर खोचला.

"बरं झालं बाई! प्रत्येक कार्याला पाण्याच्या खेपा घालायला मलाच बोलावतात मेले. आता बसा म्हणावं तहानलेले!"

आणि मला म्हणाल्या, "तू काय बघत उभी राहिलीस? चोपणी घे."

आम्ही दोघी निघालो. गल्लीतून जाताना एक दार उघडलं, मग दुसरं. खाजणात पोचेपर्यंत मागे बघते तर त्याच वयस्कर पंचांची स्वतःची सून, डोक्यावर शेणाची पाटी घेऊन! सात घरांच्या जमिनी आम्ही चोपल्या, गाणी म्हणत चोपल्या. बहिणीचं लग्नही झालं. तिला नाही म्हणणारे गेले खड्ड्यात, आणि हो म्हणणारा फार चांगला निघाला.

* * *

भिंती उभ्या राहिल्या आणि छप्पर अडलं. कौलं कुठून आणायची? नेमक्या त्या वेळी शेठ स्वतः आला. घोडागाडीतून. आजवर बांधावरच्या झोपडीपुढे कधी थांबला नव्हता, पण त्या दिवशी अध्यक्षीणबाई कुठे आहेत म्हणून विचारत आला!

"बायजाबाई," बायजाबाई बरं का, "मंगळुरी कौलांचं गलबत खाडीला लागलंय. सगळी कौलं मी देतो. पुण्याचं काम आहे. फक्त एक करा. जागेचा कागद माझ्या नावे ठेवू. म्हणजे देखभाल माझ्याकडे. घरं तुमचीच."

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं ती हो म्हणेल. दोन पोरी होत्या, पावसाळा तोंडावर आला होता आणि डोक्यावर उघडं आभाळ. मामंजीसुद्धा मधे पडले नाहीत. म्हणाले होते ना, अध्यक्ष ती!

बायजाने हात जोडले. "शेठ, झोपडी होती तं दार न्यायचात. आता घर न्याल."

"अगं, मी देतोय, नेत नाही!"

"देनाऱ्याचाच हात न्यायला येतो, शेठ. आमाला कौलं नकोत."

घोडागाडी वळली. मग इनास हळूच म्हणाला, "अध्यक्षीणबाई, शब्द झकास होते. पण आता वर काय घालायचं?"

घातल्या झावळ्या! प्रत्येक वाडीतून आल्या. खाली कोळ्यांच्या जुन्या शिडांचं कापड, त्याला माशाचं तेल चोपडलेलं. पुढे पावसात पाणी एक थेंब आत आलं नाही. वास मात्र असा की पहिला महिनाभर गावातली सगळी मांजरं छपरावर! शेठची माणसं हसायची, घरं बांधलीत की गलबतं? बायजा म्हणायची, "गलबतच. तुमच्या बांधावरून सुटलेलं!"

* * *

सातही कुटुंबं राहायला गेली. पण मिठागरातलं काम सुटलं नव्हतं आणि तिथे प्यायचं पाणीही मिळत नव्हतं. बायजा ते विसरली नव्हती.

मे महिना सरत आला. मिठागरात वर्षभराच्या मिठाच्या राशी लागलेल्या. पावसाआधी त्या झाकाव्या लागतात, नाहीतर सगळं मीठ पाणी होऊन खाडीत जातं. बायजाने एक दिवस आम्हा सगळ्यांना तिथे नेलं. मामंजी, सासूबाई, इनास, सात घरांतली माणसं, आणि मिठागरात अजून राहणारे सगळे.

राशी झाकलेल्या होत्या. कशाने? झापांनी! इतक्या वर्षांत नेलेली सगळी दारं शेठने तिथे मिठावर रचली होती. आम्हाला बघून शेठ पेढीतून बाहेर आला. मुकादम धर्मा त्याच्या शेजारी.

बायजा म्हणाली, "शेठ, आमची दारं न्यायला आलो."

"कसली दारं? तुला पक्कं सागवानी दार मिळालंय ना? या कुजक्या झावळ्या कशाला?"

"कुजक्याच हायत ना? मंग द्या की!"

शेठने आभाळाकडे बघितलं. पश्चिमेला काळं भरून आलं होतं. "या झावळ्या तुमच्या कशावरून?"

"ज्यानं नेल्या त्याला इचारा."

सगळ्यांनी धर्माकडे बघितलं. शेठनेही बघितलं, आणि कसं बघितलं! धर्माने आधी झापांकडे बघितलं. मग तो म्हणाला, "यांच्याच हायत, शेठ. मीच आनल्यात."

"हं," बायजा म्हणाली. "एक तं दारं द्या, नाय तं पानी द्या. रोजचा, गोडा, बैलगाडीनं, आमी राबतो तिथवर. इचार करा. आमाला घाई नाय. पावसाला असंल."

गडगडलं. खरंच गडगडलं, त्यात मी काही घातलेलं नाही! पाण्याची पहिली बैलगाडी दुसऱ्या दिवशी सकाळी मिठागरात आली.

* * *

आणि आता हा शेवटचा. यानंतर मी काही सांगत नाही, कितीही आग्रह केलात तरी.

पाण्याची गाडी सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाजणातच होतो. मामंजी पडवीत टेकले होते, इनास विहिरीचा कट्टा पुरा करत होता. फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली, कडेवर पोर. मागे मान खाली घालून धर्मा मुकादम. तोही शेठच्याच बांधावर राहायचा, हे आमच्यापैकी कुणाच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

बाई म्हणाली, "नाना, दोन झावल्या मिलतील?"

मामंजींनी विचारलं, "झापाचं काय झालं?"

"नेला."

सातही घरांतून माणसं बाहेर आली. भंडारी ओरडला, "आता कसा वाटतो रे, धर्मा?" मिठागरातून आलेली एक बाई म्हणाली, "घालवा त्याला! माझ्या बाळंतपनात दार नेला त्यानं!" इनासने थापी खाली आपटली. "सांगून ठेवतो. या माणसासाठी मी एक वीट उचलणार नाही."

मामंजी म्हणाले, "माझ्याकडे कशाला बघताय? अध्यक्षांना विचारा."

बायजा अंगण सारवत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले. आपल्या घराच्या टोकाच्या भिंतीपाशी गेली आणि तिच्यावर हाताने थाप मारली.

"इनास, आपल्यात सगल्या भिंती सामाईक ना?"

"हो, पण..."

"मंग हिची पल्याडची बाजू मोकली का?"

धर्मा पुढे आला, तोंड उघडलं. "बायजे, मी तुझी..."

"गप!" बायजा म्हणाली. "लई दारं काढलीस आजवर. आता एक बशीव!"